पाहुण्यांना आणायला सांगलीहून गाडीने गोव्याला जायचंय. विमान मोपा विमानतळाचं बरं की दाबोळीचं?

मोपाचं. तिकीट काढायचं असेल तर तेच काढायला सांगा. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं उतरलात की पत्रादेवीची हद्द ओलांडल्यावर मोपा जवळच; दाबोळीला मात्र पुढे मांडवी आणि झुआरी दोन्ही पूल ओलांडून वास्कोकडे वळावं लागतं, पर्वरी-पणजीची गर्दी वेगळीच. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून निघू नका, विमानतळाचा कोड बघा. ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा (जानेवारी २०२३ पासून सुरू), ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी. फक्त मुक्काम मडगाव-कोलव्याकडे असेल तर दाबोळीच सोयीचं. आणि पावसाळ्यात आंबोलीत असं धुकं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही, तेव्हा घाट उजेडातच उतरा.