एआयने दाखवलं म्हणून रूट कॅनाल केली, जबाबदार कोण?

प्रश्न: मी मुलुंडला राहते. दात साफ करून घ्यायला दवाखान्यात गेले, तर त्यांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला. स्क्रीनवर एआय सॉफ्टवेअरने पाच दातांवर लाल चौकोन दाखवले. मला दुखत काहीच नव्हतं. एका खालच्या उपदाढेची लगेच रूट कॅनाल करून कॅप बसवली आणि उरलेल्या चार दातांत सिमेंट भरायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते ती उपदाढ चांगली होती. पहिला दवाखाना म्हणतो, 'रिपोर्ट कॉम्प्युटरचा आहे, आमचा नाही.' दाद कोणाकडे मागू?

उत्तर: ताई, दवाखान्याचा हा बचाव टिकणारा नाही. दातांवर उपचार करण्याचा अधिकार कायद्याने नोंदणी झालेल्या डॉक्टरला असतो, सॉफ्टवेअरला नाही. लाल चौकोन म्हणजे 'इथे नीट बघा' एवढीच सूचना. बघून ठरवणं हे डॉक्टरचं काम, आणि त्याचेच पैसे तुम्ही दिलेत.

पण दुसऱ्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं, एवढ्यावर केस उभी राहत नाही. मतभेद म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली स्पष्ट केलं आहे. तुम्हाला दाखवायचं आहे ते हे, की साधारण काळजी घेणारा कोणताही दंतवैद्य ज्या तपासण्या करतो, त्या इथे झाल्याच नाहीत. दुखत नसलेल्या दाताची रूट कॅनाल करण्याआधी दाताला गार लावून संवेदना आहे का ते बघतात, दात ठोकून बघतात आणि त्या दाताचा वेगळा छोटा एक्स-रे काढतात. केस पेपरवर यातलं काही लिहिलेलं नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

उपदाढ म्हटल्यावर एक शंका लगेच येते. खालच्या उपदाढांच्या मुळांजवळ जबड्याच्या हाडाला एक नैसर्गिक छिद्र असतं, त्यातून हनुवटीकडे जाणारी नस बाहेर येते. ओपीजीत ते काळ्या गोल डागासारखं दिसतं आणि मुळाच्या टोकावर आलं तर थेट पू साठल्यासारखं वाटतं. सॉफ्टवेअर फसतं, घाईत असलेला माणूसही फसतो. आता रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढून टाकल्यामुळे त्या दाताची संवेदना पुन्हा तपासता येणार नाही. मात्र रूट कॅनाल करताना मुळाची लांबी मोजायला, दातात फाइल ठेवून, सहसा एक छोटा एक्स-रे काढतात. तो वेगळ्या कोनातून असेल आणि त्यात काळा डाग मुळापासून बाजूला सरकलेला, मुळाभोवतीची पांढरी रेघ अखंड दिसत असेल, तर दवाखान्याचाच एक्स-रे तुमचा साक्षीदार होईल.

म्हणून सगळ्यात आधी रेकॉर्ड ताब्यात घ्या. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने लेखी मागणी करा: केस पेपर, संमतीपत्र, बिलं, उपचाराआधीचे आणि दरम्यानचे सगळे एक्स-रे, एआयच्या खुणा असलेली आणि नसलेली प्रतिमा, सॉफ्टवेअरचं नाव व आवृत्ती. खूण दाखवायला किती खात्री पुरे, ही मर्यादा त्यात काय ठेवली होती तेही विचारा. ती खाली ठेवली की चौकोन वाढतात. एक्स-रे मूळ डायकॉम फाइलमध्येच (वैद्यकीय प्रतिमांचा ठरलेला फाइल प्रकार) घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत दाबली जाते, बारीक तपशील जातात आणि तारीख-वेळेच्या नोंदीही पुसल्या जातात. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार रेकॉर्ड किमान तीन वर्षं जपावं लागतं. टाळाटाळ झाली, तर तेही तक्रारीत लिहा.

मग उरलेल्या चार दातांचं. त्यांना इतक्यात हात लावू देऊ नका. दोन दातांच्या मधली कीड बघायला ओपीजी अपुरा असतो, त्यासाठी बाइटविंग, म्हणजे पट्टी दातांत चावून धरून काढलेला छोटा एक्स-रे, लागतो. शिवाय दाताच्या मानेजवळ नुसत्या किरणांच्या फरकाने काळसर पट्टा दिसतो, तो कीड नसतो. सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा नायर दंत रुग्णालयात तपासून घ्या आणि निष्कर्ष केस पेपरवर लिहून मागा.

तक्रार ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता तिथे, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात, ती चालते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. डॉक्टर आणि दवाखाना दोघांनाही सामनेवाले करा. पर्याय आणि धोके समजावून न सांगता सही घेतली असेल, तर रुग्णाच्या संमतीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालाचा आधार घ्या. सॉफ्टवेअर कंपनीला ओढण्याची घाई नको. उत्पादनातला दोष सिद्ध करणं जड जातं, आणि डॉक्टरला तेवढंच बोट दाखवायला मिळतं. राज्य दंत परिषदेकडे वेगळी तक्रार करता येईल, पण पैसे तिथून मिळत नाहीत.

तक्रारीची नोटीस गेली की दवाखाना बहुधा अर्धे पैसे देऊ करेल आणि 'आता कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागेल. मूळ फाइल्स हातात येऊन त्यावर लेखी मत मिळेपर्यंत तो कागद सही न करता परत करा.