यशया शिकायला जर्मनीत यायचं असेल तर

जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठात यशयावर, म्हणजे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकावर, संशोधन करायचंय, नऊ वर्षांची मुलगी सोबत आहे, तयारी काय करू, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, बँक खातं, विमा दूतावासाच्या साइटवर आहे. मी उरलेलं सांगते.

हिब्रूचा अभ्यास गद्यावर थांबवू नका. बायबलमधलं रूथचं गद्य पुस्तक सहज वाचणारा विद्यार्थी यशयाच्या 40 व्या अध्यायाला अडखळतो, कारण कवितेत शब्द गाळलेले असतात, बोलणारा मध्येच बदलतो आणि क्रियापदाचा काळ संदर्भावरून ठरवावा लागतो. रोज पाच वचनं मोठ्याने वाचा. वचनांचे आकडेही जुळत नाहीत: मराठीतलं 9:6 (नववा अध्याय, सहावं वचन) हिब्रूत 9:5 असतं.

कागदपत्रांत खरा जाच हिब्रूच्या पुराव्याचा. गुणपत्रिकेवर नुसता विषय लिहिलेला भागत नाही. किती तास, कोणते उतारे, परीक्षा कशी, हे शिक्षकांकडून सहीशिक्क्यानिशी आत्ताच घ्या. इथून ते पत्र मागवताना जीव मेटाकुटीला येतो. नाहीतर हेब्राइकुम ही जर्मनीतली हिब्रूची परीक्षा द्या.

आता ग्रंथाबद्दल. बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाच्या 1892 च्या भाष्यापासून यशयाचे अध्याय 1–39, 40–55, 56–66 असे तीन भाग मानतात. कारणं भक्कम आहेत: संदेष्टा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला, तर 45:1 मध्ये इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या कोरेश या पारसी राजाचं नाव येतं. पण त्यामुळे वर्गात आधी भागांमधले सांधेच दिसतात, पुस्तकाचा सलगपणा नाही. म्हणून निघण्याआधी सगळे 66 अध्याय मराठीत सलग वाचा आणि रंगीत पेन्सिलींनी खुणा करा. ‘इस्राएलाचा पवित्र’ हे देवाचं नाव 39 व्या अध्यायाच्या आधी आणि नंतर जवळपास सारख्याच वेळा येतं. 6:10 मध्ये मिटलेले लोकांचे डोळे 35:5 मध्ये उघडतात, 42:18 मध्ये आंधळ्यांना पुन्हा हाक येते. 39 बाबेलचं संकट सांगून संपतो, 40 सांत्वनाने सुरू होतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या यशयाच्या मोठ्या प्राचीन गुंडाळीत तर 40 वा अध्याय 32 व्या रकान्याच्या अगदी तळच्या ओळीवर सुरू होतो, त्याच्यासाठी नवा रकानाही घेतलेला नाही.

यावरून लेखक एकच होता, असं मात्र लिहू नका. संशोधनाचा प्रस्ताव तिथेच अडकतो. हे भाग जोडणारे हात पुष्कळ असू शकतात. त्यांनी जपलेला विचार एक आहे: न्याय करणारा पवित्र देवच सोडवणारा आहे. हे मी मनापासून मानते. तरीही 40 वा अध्याय प्रार्थनेत म्हणताना आधी शतक आठवतं, मग शब्द. इतकी वर्षं झाली, ते जात नाही. तुमचंही होईल, म्हणून ते सलग वाचन टाळू नका.

एकटेपणा येतो, कामाला लागलं की ओसरतो.

शाळेचं मात्र हलक्यात घेऊ नका. इथे चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते, म्हणजे तुमच्या मुलीला जेमतेम वर्ष मिळेल. आमच्या मुलाचं गणित उत्तम होतं, पण जर्मन कच्चं म्हणून त्याला खालच्या शाळेची शिफारस झाली. अजून सलतं. मुलीचं जर्मन आजपासून सुरू करा, गणिताच्या गुणपत्रिकांचं अधिकृत भाषांतर आणा आणि शाळेच्या बैठकीला चांगलं जर्मन येणारं कुणीतरी सोबत न्या.