'व्हायरल लायसन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की कंपनीच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) पॉलिसीचं मराठी करायचंय, लीगलवाल्यांनी त्यात जीपीएलला (लिनक्स वगैरे ज्या लायसन्सखाली मिळतं ते) 'व्हायरल लायसन्स' म्हटलंय, तर 'संसर्गजन्य परवाना' चालेल का.

शब्दशः बघितलं तर चालेल, पण मी तरी लिहिणार नाही. 'व्हायरल' तसाच ठेवला तर आजच्या वाचकाला आधी व्हिडिओ आठवणार, त्याला वाटेल हे काहीतरी खूप गाजलेलं लायसन्स आहे, आणि 'संसर्गजन्य' म्हटलं की थेट कोविड. मूळ अट काय आहे ते दोन्हीतून कळतच नाही.

अट एवढीच की जीपीएलचा कोड घेऊन त्यावर बांधलेला प्रोग्रॅम तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलात तर त्याचा सोर्सही, म्हणजे मूळ कोडही, त्याच लायसन्सखाली द्यायचा. यात 'दिलात तर' महत्त्वाचं आहे हो, ऑफिसात आतल्या आत बदलून वापरत बसलात तर कोणी काही मागत नाही (एजीपीएल या जीपीएलच्याच कडक भावंडाचं वेगळं, तिथे बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून लोकांना वापरू दिला तरी सोर्स द्यावा लागतो, म्हणून गूगलने तो स्वतःच्या कंपनीत वापरायलाच बंदी घातलीय). जीपीएलखालीच असलेल्या लिनक्सवर चालवलं किंवा तशाच जीसीसीने (कोडचा प्रोग्रॅम बनवून देणारं साधन) कंपाइल केलं म्हणून तुमचा प्रोग्रॅम जीपीएल होत नाही. पण लीगलवाल्यांच्या बोलण्यातून जे ऐकू येतं ते अगदी आपल्या विटाळासारखं आहे, शिवलं की बाटलं, मग किती शिवलं आणि कसं ते कोणी विचारायचं नाही.

हा शब्द पसरला त्यात मायक्रोसॉफ्टचा मोठा हात आहे. 2001 च्या मे महिन्यात त्यांचे क्रेग मंडी न्यूयॉर्कमध्ये जीपीएलच्या 'व्हायरल' असण्यावर बोलले आणि महिन्याभरात त्यांचे तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बामरनी लिनक्सला कॅन्सरच म्हटलं, ज्याला शिवेल त्याला चिकटतो म्हणून. म्हणजे हा शब्द कायद्यातून आलेला नाही, लायसन्सच्या मजकुरातही नाही, तो स्पर्धकाने पसरवलेलं नाव आहे. अशा प्रचाराला इंग्रजीत 'फड' म्हणतात, भीती, अनिश्चितता, शंका या तिघांची आद्याक्षरं (आपला उसाचा किंवा तमाशाचा फड नव्हे), जीन आमडाल आयबीएम सोडून स्वतःची कंपनी काढल्यावर आयबीएमच्या सेल्सवाल्यांबद्दल तो वापरायचे. मराठीत याला 'बागुलबुवा' इतका नेमका शब्द असताना 'भीतिजनक संदिग्धता' वगैरे कशाला?

बागुलबुवाचा नमुना बघायचा तर एससीओ ही अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी. 2003 मध्ये त्यांनी आयबीएमवर 1 अब्ज डॉलरचा दावा लावला की आमचा युनिक्सचा (लिनक्सच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात, मग लिनक्स वापरणाऱ्या साधारण 1,500 कंपन्यांना पत्रं धाडली, वर एका प्रोसेसरच्या सर्व्हरसाठी 699 डॉलरचं लायसन्स विकायला काढलं, आणि पुढच्या वर्षी ऑटोझोन या गाडीचे पार्ट विकणाऱ्या कंपनीलाही कोर्टात ओढलं. शेवटी 2010 मध्ये ज्युरीने सांगितलं की युनिक्सचे कॉपीराइट मुळात नॉव्हेल या दुसऱ्याच कंपनीकडे आहेत. तोवर एससीओ दिवाळखोरीत गेली होती, पण मधली काही वर्षं कितीतरी लीगल डिपार्टमेंटांची झोप उडालीच ना.

आता लीगलवाल्यांची सगळीच काळजी खोटी असंही नाही. 2004 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने साइटकॉम या राउटरवाल्या कंपनीविरुद्ध जीपीएल ग्राह्य धरला, आणि त्याच्या आदल्या वर्षी लिंक्सिस या कंपनीला एका राउटरचा सोर्स द्यावा लागला, त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. पण अट मोडली म्हणून तुमचा सगळा कोड आपोआप उघडा पडत नाही, तो कॉपीराइटचा भंग होतो, मग एकतर अट पाळा नाहीतर तो भाग काढा, आणि भरपाई निघाली तर ती द्या.

म्हणून पॉलिसीत 'कॉपीलेफ्ट परवाना' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वितरण केल्यास तीच अट पुढे लागू करणारा' असं जोडा, लांब झालं तरी चालेल. बामरचं वाक्य सांगताना मात्र कॅन्सरच लिहा, तिथे सौम्य करू नका. आणि लीगलवाले 'व्हायरल'वरच अडून बसले तर तो शब्द अवतरणात टाका, म्हणजे तो कुणाचा आहे ते दिसेल.