गुलमर्गला मोठी बर्फवृष्टी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ताज्या बर्फात स्की करता येईल का? माझा फक्त एक बेसिक कोर्स झालाय.

करता येईल, पण खालच्याच उतारांवर. रात्रभर बर्फ पडला की सकाळी अफरवट शिखराकडे, म्हणजे जवळजवळ 3,950 मीटरवर नेणारा गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा बहुतेक वेळा बंदच असतो. स्की पेट्रोल, म्हणजे डोंगरावरचं सुरक्षा पथक, आधी उतार तपासतं, मगच तो सुरू होतो. आणि सुरू झाला म्हणजे सगळा डोंगर सुरक्षित झाला असं नाही बरं! वादळानंतरचा पहिला-दुसरा दिवस हिमस्खलनाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा जीव गेला. त्यामुळे वर जायचंच तर गाइड, बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत काढलं तरच खरी आशा, आणि तेवढ्यात पोहोचणार कोण? सोबतचेच.

आता मजेचं. दाबलेल्या बर्फावर वळताना बाहेरच्या पायावर भार देता ना, तसा ताज्या बर्फात दिला की तो पाय बुडालाच म्हणून समजा. दोन्ही पाय जवळ, भार जवळपास सारखा, वळणं सावकाश. स्की रुंद मागून घ्या. पडलात तर उठताना हात कोपरापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यावर जोर द्या. सुटलेली स्की मात्र खाली शोधू नका, बहुधा पडल्या जागेच्या वरच्या बाजूला पुरलेली सापडते. माझी अर्धी सकाळ त्यातच गेली होती.