कोरियन पॉपमधला मुलींचा पहिला ग्रुप कोणता? एस.ई.एस. की त्याआधीही कोणी होतं?

एस.ई.एस. १९९७ चा. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी किम सिस्टर्स होत्या. सूक-जा आणि ऐ-जा सख्ख्या बहिणी, मिया मामेबहीण. आई ली नान-यंग ही 'मोकपोचे अश्रू' या गाण्याची नामांकित गायिका, वडील संगीतकार किम हे-सोंग. कोरियन युद्धात वडिलांचा मृत्यू झाला आणि घर चालवायला आईने मुलींना अमेरिकन सैनिकांच्या तळांवर गायला उभं केलं. इंग्रजीचा गंध नव्हता, शब्द नुसते उच्चारावर पाठ केलेले. सैनिक बिदागी म्हणून व्हिस्कीच्या बाटल्या द्यायचे. त्या बाजारात विकून घरात तांदूळ यायचा.

१९५९ मध्ये त्या लास वेगासच्या थंडरबर्ड हॉटेलात पोचल्या. नुसत्या गोड आवाजावर तिथे टिकाव लागला नसता, हे माझं मत. त्यांचा हुकमी पत्ता म्हणजे वाद्यं: सॅक्सोफोन, बँजो, ड्रम्स, शिवाय गायागुम हे कोरियन तंतुवाद्य. एकाच कार्यक्रमात भराभर वाद्यं बदलायच्या. एड सलिव्हनच्या लोकप्रिय अमेरिकन टीव्ही शोमध्ये वीसहून जास्त वेळा झळकल्या. १९६२ चं 'चार्ली ब्राउन' गाजलं, पण ते मूळ कोस्टर्स या अमेरिकन ग्रुपचं. दुसऱ्यांची गाणी गाण्यावरच बराचसा भर राहिला, म्हणून रेकॉर्डपेक्षा त्यांचं नाव रंगमंचावर मोठं झालं.

एस.ई.एस.चं म्हणाल तर बादा, युजीन आणि शू या तिघी. २००२ च्या अखेरीस ग्रुप फुटला. कंपनीत घडवलेल्या ग्रुपचा साचा मात्र त्यांच्यापासूनच रुळला.