फुकट सामानाची खोटी जाहिरात अन् भाच्याकडचे फोटो

प्रश्न : सासरे नणंदेकडे पुण्याला गेले होते, लोकमान्य नगरातलं घर बंद होतं. कोणीतरी नेटवर त्यांच्या नावानं जाहिरात टाकली की घर खाली करतोय, सामान फुकट, घेऊन जा. लोक लोडिंग रिक्षा घेऊन आले, कपाट, शिलाई मशीन, पितळेची भांडी सगळं नेलं, शेजाऱ्यांनी हटकलं तर मोबाईलवर जाहिरात दाखवली. समोरच्या कॅमेऱ्यात चेहरे अन् गाड्यांचे नंबर आलेत. भाचा म्हणतो सगळ्या ग्रुपवर 'चोर' लिहून टाकतो. टाकू द्यावं का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, वाचून फार वाईट वाटलं, सासऱ्यांना काय वाटत असेल. पण फोटो टाकू देऊ नका, भाच्याला आजच थांबवा.

अगदी असंच 2008 साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात झालं होतं, क्रेगलिस्ट नावाच्या छोट्या जाहिरातींच्या साइटवर खोटी जाहिरात आली अन् लोकांनी एका माणसाचं घर धुऊन नेलं, घोडासुद्धा फुकट म्हणून लिहिला होता. मालकानं रस्त्यात गाडी अडवली तर लोक जाहिरातीचा कागद दाखवून सामान द्यायला नाही म्हणाले. नंतर पोलिसांना कळलं की जाहिरात टाकणाऱ्यांनी आधीच तिथून घोड्याची खोगिरं चोरली होती, अन् ती चोरी लपावी म्हणून हा सगळा गोंधळ घातला. म्हणून कॅमेऱ्यात दिसणारे लोक कदाचित स्वतःच फसलेले असतील अन् खरा चोर त्यात नसेलही. जाहिरात यायच्या आधीच काय गायब झालं, घराची किल्ली कोणाकडे होती, सासरे गावाला गेलेत हे कोणाला माहीत होतं, हे आधी आठवून लिहून काढा.

चेहरा एकदा ग्रुपवर गेला की आपल्या हातात राहत नाही हो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं, त्यामागे मोबाईलवर फिरणाऱ्या अफवाच होत्या. शिवाय ज्याला चोर म्हणाल तो उलट तुमच्यावरच बदनामीची केस टाकू शकतो.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट लिंक अन् तारखेसकट घ्या, मगच ती काढायला सांगा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लगेच कॉपी करून ठेवा, जुनं आपोआप पुसलं जातं. हे सगळं घेऊन ठाण्यात एफआयआर करा, जाहिरात कोणत्या नंबरवरून टाकली ते पोलीस त्या साइटकडून मागवू शकतात. दुसऱ्याच्या नावानं ऑनलाइन फसवणूक केली तर आयटी कायद्याच्या कलम 66डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अन् ज्यांनी खरंच फुकट समजून नेलं त्यांना खरी गोष्ट कळल्यावरही सामान दाबून ठेवलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा होतो, हे भाच्याला जरूर सांगा, त्याचा राग निवळेल.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर चेहरे अन् गाडीनंबर न दाखवता एवढंच टाका, की जाहिरात खोटी होती, पोलिसांत तक्रार दिली आहे, सामान नेलं असेल तर परत आणून द्या.