ब्रेक न लावता डंपर उतरतो कसा?

प्रश्न : माझा भाऊ कोळशाच्या खाणीत मोठा डंपर चालवतो. तो म्हणतो, टाकीत डिझेल पण चाकं विजेवर, आणि उतारावर ब्रेकला हात लावायचाच नाही. थापा तर नव्हेत? – एक वाचक, वणी

उत्तर : नाही हो, खरंच सांगतोय. डिझेल इंजिन फक्त अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारं यंत्र, फिरवतं. ती वीज मागच्या चाकांतल्या मोटरींना जाते. गिअरबॉक्सच नाही! उतारावर त्याच मोटरी उलट वीज तयार करतात आणि चाकांना अडवतात. ती वीज केबिनशेजारच्या ग्रिडमध्ये, म्हणजे हिटरसारख्या तापणाऱ्या पट्ट्यांच्या पेटीत, जाळून टाकायची. मी वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा थंडीत पोरं त्या ग्रिडच्या गरम वाऱ्यात हात शेकायची, नि माझ्या शिव्या खायची. जुन्या डीसी मोटरींचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे कार्बनचे तुकडे) बदलले की मात्र नाकातून दोन दिवस काळंच यायचं.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकी लष्करासाठी लटूर्नो कंपनीने बनवलेल्या रस्त्याविना धावणाऱ्या ‘गाडी’ला तब्बल ५४ चाकं होती, प्रत्येकात स्वतंत्र मोटर. १९६२ मध्ये ॲरिझोनातल्या युमाच्या वाळवंटात तिची चाचणी झाली.

भावाला एवढंच सांगा, वेग अगदी कमी झाला की ही अडवणूक ढिली पडते. तिथे साधा ब्रेकच लागतो.